इंझोरीचा रोही आणि आमचं फायनल इयर

परवा माझ्या चुलत बहिणीचा, पूजाचा, फोन आला. ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. हॅलो नाही, कशी आहेस नाही, थेट, "ताई, प्रोजेक्टचं लय टेन्शन येऊन राह्यलं वं. तू काय केलं होतं?"

मी म्हटलं, "रडली होती."

"आन् मंग?"

"मंग सुमित रडला होता."

"ताई, सिरीयसली सांग न!"

आता सिरीयसली काय सांगणार? उपाय माझ्याकडे एकही नाही. किस्से मात्र पोतंभर आहेत. प्रोजेक्टचं असंच असतं. करताना एकेक दिवस डोंगराएवढा वाटतो, आणि संपल्यावर त्यातलं सर्किट, कोड, आकृत्या सगळं डोक्यातून पुसलं जातं. उरतं ते हे असलं. आम्ही तिघं आता तीन गावांत नोकरी करतो, पण कुणाच्या लग्नात भेटलो की नवरा-नवरी राहतात स्टेजवर आणि आमचं कोपऱ्यात सुरू होतं, "तुले आठवते का..."

तेच सगळं त्या दिवशी पूजाला सांगत बसले. तुम्हालाही सांगते.

आधी माणसं. वाशिमजवळचं आमचं कॉलेज. ग्रुप तिघांचा. मी अश्विनी, अनसिंगची, रोज एसटीनं येणारी-जाणारी. रोशनी शिरपूर जैनची, तीही तशीच. नेटकी इतकी की कच्च्या वहीलासुद्धा पट्टीनं समास आखायची. सुमित इंझोरीचा. त्याचं घर लांब, म्हणून वाशिमला खोली करून राहायचा आणि शनिवारी गावी जायचा. आमचे गाईड ढोके सर. ते बोलायचे कमी, लाल पेन चालवायचे जास्त. आणि लॅबमध्ये वानखडे मामा, लॅब असिस्टंट, रिटायरमेंटला टेकलेले. बस्स, एवढेच.

*

विषय ठरवायचा होता तेव्हा आम्ही इंटरनेटवरून अकरा विषय काढले आणि सरांच्या केबिनमध्ये गेलो. एकापेक्षा एक भारी! रोशनी यादी वाचत होती, सर मान खाली घालून ऐकत होते. 'स्मार्ट पार्किंग सिस्टीम' आलं तेव्हा त्यांनी मान वर केली आणि सुमितला विचारलं, "तुमच्या इंझोरीत गाड्या लावायला जागा नाही का?"

"हाय न सर. जागाच जागा हाय."

"मग तिथं त्रास कशाचा आहे?"

सुमितनं एक सेकंदही विचार केला नाही. "रोह्याचा."

रोही म्हणजे नीलगाय. आमच्याकडे कळपानं शेतात उतरतात, आणि खातात त्याच्या दुप्पट तुडवतात. सरांनी रोशनीच्या हातातली यादी घेतली, अकराच्या अकरा विषयांवर लाल रेघ ओढली आणि खाली एकच शब्द लिहिला: रोही.

पुढं त्याचं इंग्रजी नाव तयार झालं, ते चांगलं तीन ओळींचं. त्यात 'इंटेलिजंट' होतं, 'ऑटोमेटेड' होतं, 'क्रॉप प्रोटेक्शन' होतं. फक्त रोही नव्हता! सुमितनं ते नाव पाठ केलं आणि शनिवारी घरी जाऊन आईला म्हणून दाखवलं. काकू भाकरी थापत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "नावच एवढं लांब हाय, तं यंत्र ट्रॅक्टरवर आनशीन का?"

*

यंत्र तसं साधं होतं. एक सेन्सर, समोर काही हललं की त्याला कळायचं. एक तळहाताएवढा बोर्ड, म्हणजे यंत्राचा मेंदू. आणि एक भोंगा. भोंग्यातून वाघाची डरकाळी काढायची, ही आयडिया माझी. मी ती मोबाईलवर ऐकूनच दचकले होते. रोही काय थांबतो!

पहिली ट्रायल इंझोरीला, सुमितच्या बाबांच्या, उत्तमकाकांच्या तुरीत. आम्ही दोघी आदल्या दिवशीच काकूंकडे मुक्कामाला गेलो. सकाळी उजाडता उजाडता यंत्र बसवलं आणि काकांसकट चौघंही धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, आड बसलो.

रोही आला. एकटाच, चांगला घोड्याएवढा नर. यंत्रासमोर आला, सेन्सरनं त्याला बरोबर हेरलं आणि डरकाळी फुटली! रोशनीनं माझा हात असा आवळला की बांगडी रुतली.

रोह्यानं मान वर केली. भोंग्याकडे पाहिलं. पूर्ण डरकाळी उभ्यानं ऐकून घेतली. आणि परत चरायला लागला.

चार महिन्यांची मेहनत! मी कपाळावर हात मारून घेतला. काका अगदी शांत होते. म्हणाले, "पोरी, त्यानं जल्मात वाघ नाई पाह्यला. त्याले काय माईत हा कोन बोंबलून राह्यला!"

मग ते गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि नुसतं "हाऽऽऽल्येऽऽ!" केलं. रोही असा सुटला की दोन शेतं पार करून दिसेनासा झाला.

काका खाली बसत म्हणाले, "मले वयखते थो."

*

रोही काकांना ओळखत होता, म्हणजे आवाज काकांचाच घ्यायला हवा. चहा झाल्यावर अंगणात रेकॉर्डिंग ठेवलं. रोशनीनं मोबाईल समोर धरला. काकांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं, टोपी सरळ केली, घसा खाकरला आणि सुरू झाले, "नमस्कार. मी उत्तमराव बोलून राह्यलो. मुक्काम पोस्ट इंझोरी, तालुका मानोरा..."

"बाबा, भाषन नाई द्यायचं! रोह्यावर वरडता तसं वरडा."

"रोही कुठी हाय?"

"समजा न, समोर हाय."

"समोर तं तू हाय."

सहा-सात वेळा केलं. काका ओरडायचे, पण ते ओरडणं म्हणजे 'पाहुणे, जेवायला चला' असं! शेतात दोन एकर पलीकडं जाणारा तो आवाज मोबाईल पाहिला की गळ्यातच बसायचा.

शेवटी सुमित ओसरीच्या कडेला बसला आणि खाली पाहून म्हणाला, "राहू द्या बाबा. नाई होत हे. मी सांगतो सरांले. मी कॉलेजच सोडून देतो."

"काऽऽऽय म्हनतं रे!"

कडुनिंबावरचे कावळे उडाले. शेजारच्या घरातून एक बाई हातातलं सूप घेऊन बाहेर आल्या.

"सोडतं? सोडतं? बस! बस तथी! हालशीन तं पाह्य मंग!"

रोशनीनं अजून सुरूच असलेलं रेकॉर्डिंग बंद केलं. आवाज मिळाला होता! पुढच्या आठवड्यात भोंग्यातून 'बस तथी' निघालं आणि तोच रोही शेपटी वर करून पळाला.

आम्हा दोघींना वाटलं, काय डोकं चालवलं सुमितनं! बाबांना चिडवून बरोबर काम करून घेतलं. परतताना एसटीत मी त्याला तसं म्हटलं, तर तो खिडकीबाहेर पाहत राहिला. तसंच बाहेर पाहत म्हणाला, "मी मजाक नोती केली अश्विनी. महिनाभरापासून तेच मनात होतं."

रोशनी पुढच्या सीटवरून मागं वळली.

"पन आता कसं सोडू?" तो म्हणाला. "बाबाचा आवाज रेकॉर्ड झाला न!"

*

टेन्शन आलं की माणसाची झोप उडते म्हणतात. सुमितचं उलटं होतं. टेन्शन आलं की तो झोपायचा. लायब्ररीत झोपायचा, सेमिनारमध्ये झोपायचा. एका शनिवारी गावी जाताना एसटीत असा झोपला की इंझोरी मागं पडली आणि साहेब उतरले थेट कारंज्यात!

पुढच्या शनिवारी तोच कंडक्टर. तिकीट फाडताना म्हणाला, "काय बाप्पा, आज कुठी उतरता?"

सुमितनं सगळं सांगून टाकलं. प्रोजेक्ट आहे, झोप आवरत नाही, गाव निघून जातं. कंडक्टरनं मान डोलावली आणि पुढं गेला. सुमितनं डोकं टेकवलं.

जाग आली तेव्हा बस उभी होती आणि अख्खी बस चिडीचूप होती. मागच्या सीटवरच्या दोन बाया कुजबुजत होत्या. एकीच्या मांडीवरचं लेकरू रडायला लागलं तशी दुसरी म्हणाली, "चूप बाप्पा, थो दादा प्रोजेक्ट करून राह्यला."

कंडक्टर त्याच्या खांद्याला हात लावून हळूच सांगत होता, "उठा इंजिनिअर. इंझोरी आली."

*

माझं टेन्शन कुणाला दिसायचं नाही. मी फक्त बोलायची बंद व्हायचे. फेब्रुवारीत दहा-बारा दिवस असेच गेले. रिपोर्ट राहिला होता, कोडमध्ये चुका निघत होत्या, दुसरं प्रेझेंटेशन तोंडावर होतं, आणि मी लॅपटॉप उघडून नुसती त्याच्याकडे पाहत बसायचे. घरी विचारलं की सांगायचे, "काई नाई झालं."

एका रविवारी आई म्हणाली, "चाल, हरबरा सोंगाले."

मी म्हटलं, "आई, मले प्रोजेक्ट आहे."

"माईत हाय. चाल."

शेतात गेलो. सोंगताना, म्हणजे कापणी करताना, प्रत्येकाच्या वाट्याला ओळींचा एक पट्टा येतो, त्याला पात म्हणतात. आईनं मला तिच्या शेजारची पात दिली. बऱ्याच दिवसांनी हातात विळा घेतला होता. थोडं सोंगायचे आणि मान वर करून धुऱ्याकडे पाहायचे. धुरा तिथंच! आणखी थोडं, परत धुरा. पंधरा मिनिटांत कंबर गेली.

आई खाली पाहूनच म्हणाली, "वर काहून पाह्यतं घडीघडी? तिकडं पाह्यलं का धुरा दूर जाते. हातापुरतं पाह्य."

मी हातापुरतं पाहायला लागले. घाट्यांचा आंबूस वास येत होता, बोटं चुरचुरत होती. कधीतरी पात संपली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि मी घामानं निथळत होते. आईनं पाण्याची कॅन पुढं केली.

"तुह्या प्रोजेक्टच्या किती पाती राह्यल्या?"

मी मोजल्या. पहिल्यांदाच नीट मोजल्या. "सहा."

"मंग आज एक धर," आई म्हणाली. "आन् जाय आता घरी. बाकीचं मी सोंगतो."

*

सबमिशनला आठवडा राहिला आणि बोर्ड जळाला.

रोशनीच्या हातून जळाला. घाईत तिनं वायर उलटी लावली, बटण दाबलं, चट् असा आवाज झाला आणि बोर्डातून धुराची बारीक रेघ वर गेली. कुणी काही बोलायच्या आत तिनं पर्स उचलली आणि लॅबमधून निघून गेली. त्यानंतर दोन दिवस तिचा फोन बंद.

तिसऱ्या दिवशी मी आणि सुमित शिरपूरच्या बसमध्ये बसलो. जाताना सुमितनं भाषण तयार केलं. तीन मुद्दे होते. पहिला, चूक कुणाच्याही हातून होते. दुसरा, बोर्ड दुसरा आणता येतो. तिसरा मुद्दा मोठा प्रेरणादायी होता, तो त्यानं मला दोनदा म्हणून दाखवला.

रोशनीच्या आई अंगणवाडीत सेविका आहेत. दारात आम्हाला पाहून त्यांचा चेहरा सैल झाला.

"जयभीम काकू."

"जयभीम, या या. पाहा न बाप्पा तिच्याकडं! दोन दिवसांपासून जेवत नाई धड. म्हनते, तिघाइचं वर्ष मी जाळलं."

रोशनी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. डोळे सुजलेले. सुमित तिच्यासमोर मांडी घालून बसला, घसा साफ केला आणि सुरुवात केली, "रोशनी, पाह्य. चूक कोनाच्याही..."

एवढंच. आणि आमचा हा सव्वासहा फुटांचा गडी हमसून हमसून रडायला लागला! "मले नाई जमत वं एकट्याले... मी कायच्या काय कोड लिहून ठेवला... तू नाई आली तं मी बी नाई येत..."

ते पाहून मीही सुरू झाले.

रोशनीनं आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं. मग उठली. सुमितला पाणी दिलं, मला टॉवेल दिला. म्हणाली, "अरे, असं काय करता? बोर्डच तं होता, दुसरा आनता येते. चूक काय कोनाच्याही हातून होते." सुमितचे पहिले दोन्ही मुद्दे तिनं न ऐकता सांगितले! पंधरा मिनिटांत तिची पर्स भरलेली आणि आम्हाला दोन्ही हातांना धरून ती बसस्टँडकडे निघालेली.

काकू दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "कावून रे, तुमीच तिले समजवाले आलते न?"

*

लॅबमध्ये परत आलो तेव्हा रोशनीचं अवसान गेलं. टेबलावर तो जळका बोर्ड तसाच पडला होता. ती दारातच थांबली.

वानखडे मामांनी तिला पाहिलं. आपलं कपाट उघडलं आणि बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. टेबलावर ठेवून झाकण उघडलं. आत जळालेली चिप, काळे पडलेले बोर्ड, वितळलेल्या वायरी. प्रत्येकाला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर नाव.

"हा पोरगा आता पुन्याले मोठा साहेब हाय," मामा एकेक काढून दाखवू लागले. "ही पोरगी बाहीरदेशी गेली. मागच्या वर्षी आलती, मिठाई घेऊन. हे दोघं, यायनं तं अख्ख्या लॅबचा फ्यूज उडवला होता."

मग तळातून एक जुनाट तुकडा काढून त्यांनी रोशनीच्या हातावर ठेवला. चिठ्ठी पिवळी पडली होती. तिनं वाचली आणि आमच्याकडे पाहिलं. चिठ्ठीवर आमच्या ढोके सरांचं नाव होतं!

"याच टेबलावर," मामा म्हणाले. "आन् मंग बाहीर जाऊन पायरीवर बसले. येतच नोते आत. चहा मीच नेला होता."

नेमके तेवढ्यात सर आत आले. त्यांनी डबा पाहिला, रोशनीच्या हातातला तुकडा पाहिला, आणि आम्ही पहिल्यांदाच सरांना लाजताना पाहिलं.

"मामा, तो डबा अजून आहे का?"

मामांनी रोशनीच्या बोर्डाला चिठ्ठी बांधायला घेतली होती. मान वर न करता म्हणाले, "हाय न सर. जागा बी हाय अजून."

*

नव्या बोर्डावर यंत्र चाललं. राहिला रिपोर्ट.

रिपोर्ट कॉलेजमध्ये कॉपी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधून जायचा. उचललेलं वाक्य असलं की ते लाल करायचं. आमचा रिपोर्ट बराचसा पास झाला, पण एक पान वरपासून खालपर्यंत लालभडक! आभाराचं पान. ते आम्ही सीनियरच्या रिपोर्टवरून घेतलं होतं, सीनियरनं त्याच्या सीनियरकडून, आणि मुळात ते लिहिलं होतं हैदराबादच्या कुण्या मुलानं.

सरांनी ते पान समोर धरलं. "आभार माझे. नाव माझं. आणि भावना हैदराबादच्या?"

रोशनीनं ते पान घरी नेलं आणि दुसऱ्या दिवशी नवीन लिहून आणलं. इंग्रजी साधंच होतं. आवाज दिल्याबद्दल उत्तमकाकांचे आभार. बसमध्ये शांतता राखल्याबद्दल प्रवाशांचे आभार. डबा जपून ठेवल्याबद्दल वानखडे मामांचे. एक रविवार शेतात नेल्याबद्दल माझ्या आईचे. आणि शेवटी, प्रत्येक ट्रायलला न चुकता हजर राहिल्याबद्दल इंझोरीच्या रोह्याचे मनःपूर्वक आभार!

विभागप्रमुखांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "ढोके, हे काढायला सांगा. जनावराचे आभार कुठं असतात का?"

ढोके सरांनी चष्मा काढला, पुसला. "राहू द्या सर. ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त अटेंडन्स त्याचाच आहे."

*

व्हायवाच्या दिवशी सकाळी साडेनऊलाच आम्ही लॅबमध्ये यंत्र मांडलं. बाहेरून येणारे परीक्षक अकराला येणार होते. फार कडक आहेत असं ऐकून होतो. आधीच्या कॉलेजात त्यांनी म्हणे एका ग्रुपला पुन्हा प्रोजेक्ट करायला लावला होता. रोशनी उत्तरं पुटपुटत होती. सुमितनं एकदा शेवटचं तपासावं म्हणून यंत्र सुरू केलं, आणि घाईत सेन्सरचं तोंड राहिलं दाराकडं.

परीक्षक दहालाच आले.

भारदस्त माणूस, हातात फाईल, मागं विभागप्रमुख आणि ढोके सर. त्यांनी दारातून पाऊल आत टाकलं आणि भोंगा गरजला,

"काऽऽऽय म्हनतं रे! सोडतं? सोडतं? बस! बस तथी!"

परीक्षक जवळच्या स्टुलावर धपकन बसले!

"हालशीन तं पाह्य मंग!"

त्यांनी फाईल सावरायला हात हलवला, सेन्सरनं तोही हेरला आणि सगळं पहिल्यापासून परत सुरू झालं. सुमितनं झेप घेऊन वायर ओढली. मला वाटलं, संपलं. हे वर्ष गेलं.

परीक्षकांनी रुमालानं कपाळ पुसलं. "हा आवाज कुणाचा?"

"माझ्या बाबांचा, सर."

"ओरडले कुणावर?"

"माझ्यावर."

परीक्षकांनी मान डोलावली. का ओरडले ते विचारलं नाही. फाईल उघडली, पेनचं टोपण काढलं आणि पहिला प्रश्न टाकला, "तुमचं यंत्र माणूस आणि जनावर यात फरक करतं का?"

या प्रश्नाची आम्ही तयारीच केली नव्हती.

सुमित म्हणाला, "यंत्र नाई करत, सर. पन आवाज ऐकल्यावर फरक कळते. जनावर पळते, मानूस बसते."

*

आता माझ्या बाबांचं सांगते.

बाबा चौथीपर्यंत शिकलेले. मराठी पेपर वाचतात, ओळीवर बोट ठेवून. इंग्रजी अक्षर त्यांना लागत नाही. वर्षभर त्यांनी मला प्रोजेक्टबद्दल एक शब्द विचारला नाही. रोज सकाळी गाडीवर स्टँडपर्यंत सोडायचे आणि तेवढंच विचारायचे, "डबा घेतला न?"

निकाल लागला. आम्ही पास झालो, चांगले पास झालो. रिपोर्टची एकेक बांधीव प्रत प्रत्येकाला घरी न्यायला मिळाली. काळं जाड कव्हर, त्यावर सोनेरी अक्षरं, आतली पानं चौऱ्याऐंशी. मी ती घरी आणली तेव्हा आईनं आधी हळद-कुंकू लावलं.

दुपारी जेवण झाल्यावर बाबांनी हात साबणानं धुतले, टॉवेलला पुसले आणि म्हणाले, "दे पाह्यू थे पुस्तक."

मी दिलं आणि आत जाऊन आडवी झाले. कितीतरी दिवसांनी अशी निवांत झोप लागली होती.

उठले तेव्हा ऊन उतरलं होतं. बाबा अंगणात खाटेवर तसेच बसले होते. रिपोर्ट मांडीवर, खाली स्वच्छ टॉवेल अंथरलेला. एक पान घ्यायचे, वरपासून खालपर्यंत नजर फिरवायचे, आकृती असली तर जरा थांबायचे, मग कोपऱ्याला धरून अलगद पुढचं पान. बाजूला चहावर साय धरली होती.

आई म्हणाली, "काय वाचून राह्यले एवढं? इंग्रजी हाय न थे!"

"वाचत नाई," बाबा म्हणाले. "पाहून राह्यलो."

दिवेलागणीला त्यांनी शेवटचं पान उलटलं, कव्हर मिटलं, त्यावरून हात फिरवला आणि मला हाक मारली.

"अशू, पंचावन्न नंबरच्या पुढचं पान उलटं लागलं हाय."

मी उघडून पाहिलं. छप्पन नंबरचं पान खालीवर शिवलं गेलं होतं. पहिल्या पानावर सगळ्यांच्या सह्या होत्या. आम्हा तिघांच्या, ढोके सरांची, विभागप्रमुखांची, परीक्षकांची.

बाबांनी रिपोर्ट माझ्या हातात दिला.

"बाकी सगळं बरोबर हाय."